चौसष्ट डब्यांचे काका

आमच्या सोसायटीत बिऱ्हाडं सोळा होती आणि कचऱ्याचे डबे चौसष्ट. मुलुंड पूर्वेला तेव्हा दुसऱ्या कुठल्या इमारतीचा असा आकडा नव्हता. हे मी खात्रीनं सांगतो, कारण आमच्या रस्त्यावरच्या बाकीच्या आठही इमारतींत जाऊन मी मोजून आलो होतो. तिकडे घराला एक डबा. आमच्याकडे चार. आणि याला कारण तळमजल्यावरच्या तीन नंबरचे काका.

काकांनी चौतीस वर्षं टपालखात्यात सॉर्टर म्हणून काढली. समोर लाकडी खणांची भिंत, डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, आणि पत्त्यावर नजर पडायच्या आत पत्र त्याच्या गावाच्या खणात. निवृत्त झाले तेव्हा खण तिथेच राहिले, मनगट मात्र घरी आलं. जेवून उठता उठता ते आंब्याची कोय सहा फुटांवरच्या डब्यात टाकत, तीही न बघता. मी एकदा मोजलं होतं. वीस फेकींत एकोणीस बरोबर. विसाव्या वेळी काकू मधे आल्या.

अंगात बनियन, खाली खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल, आणि उजव्या अंगठ्यात पत्रं सरकवायची रबरी टोपी. ती टोपी ते फक्त आंघोळीला काढतात, असं काकू सांगत. "लग्नात अंगावर पडलेल्या अक्षता यांनी मांडवात बसून वेगळ्या केल्या," त्या म्हणायच्या, "पांढऱ्या एकीकडे, कुंकवाच्या एकीकडे. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं."

काकांच्या मते जगात कचरा नावाची गोष्टच नव्हती. "कचरा म्हणजे पत्ता चुकलेली वस्तू," ते म्हणत. माणसांनाही ते घराच्या नंबरानंच ओळखत. "सातकडे पाहुणे आलेत," किंवा "चौदाचं पोट बिघडलंय," असं ते सहज बोलून जात, आणि ते खरं असे. मात्र यात चौकशी नव्हती. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "पत्ता वाचायचा, मजकूर नाही. चौतीस वर्षांत एक पोस्टकार्ड उलटून बघितलं नाही मी," हे मी त्यांच्या तोंडून निदान चाळीस वेळा ऐकलं असेल. त्यावर माझा विश्वासही होता.

चार डब्यांची सुरुवात पारूबाईंच्या बोटापासून झाली. पारूबाई गोवंडीहून येत. सकाळी सात पंचवीसला फाटकात, मिनिटभर इकडे की तिकडे नाही. सोळा घरांचे डबे टोपलीत रिकामे करायचे, टोपली डोक्यावर घेऊन कोपऱ्यावरच्या मोठ्या पेटीपर्यंत जायचं, अशा त्यांच्या सहा फेऱ्या होत. एका सकाळी कुणाच्या तरी चहाच्या चोथ्यात दाढीचं पातं होतं. बोट चांगलं खोलवर कापलं. काकूंनी हळद दाबली. काका मात्र पातं हातात धरून उभे होते.

"हे चहात काय करत होतं?" त्यांनी विचारलं.

"काका, पात्याला काय विचारताय," पारूबाई म्हणाल्या, "ज्यानं टाकलं त्याला विचारा की."

पुढच्या रविवारी काका मिठाईवाल्याकडून तुपाचे रिकामे डबे हातगाडीवर लादून घेऊन आले. रंग फक्त लाल मिळाला, त्यामुळे सगळे डबे लाल, आणि त्यावर पांढरे आकडे. एक, ओला. दोन, कागद. तीन, काच, पत्रा आणि पातं. चार, बाकी सगळं. मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. भांडुपच्या कारखान्यात स्टोअरला नट-बोल्ट मोजत असल्यामुळे 'याला मोजायची सवय आहे' एवढ्याच गुणावर माझी निवड झाली होती. ठराव मी मांडला. चौदा विरुद्ध दोन मतांनी तो मंजूर झाला. काहींनी पारूबाईंच्या बोटाकडे बघून हात वर केला, काहींनी काकांशी दहा मिनिटांहून जास्त वाद घालवत नाही म्हणून.

सोळा नंबरवाले बँकेत होते. त्यांनी सभेत विचारलं, "शेवटी सगळं देवनारच्या उकिरड्यावरच जाणार ना? मग इथे वेगळं कशाला?"

"शेवटी आपण सगळेही एकाच ठिकाणी जाणार," काका म्हणाले. "म्हणून घरात वेगवेगळ्या खोल्या बांधायच्या नाहीत का?"

सकाळी सात वाजता डबे दाराबाहेर आले पाहिजेत, हा नियम होता. सातला काका वर चढायला लागत आणि पारूबाई यायच्या आत चौसष्ट डबे बघून होत. चुकीच्या डब्यातली वस्तू ते कधी स्वतः बरोबर डब्यात टाकत नसत. ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ती वस्तू जुन्या, उलट्या करून चिकटवलेल्या पाकिटात घालून ते पाठवणाऱ्याच्या दाराला अडकवत. वर पेन्सिलीनं शेरा. 'दोनमध्ये आले होते. एकचे आहे. परत.' दार वाजवायचे नाहीत, बोलायचे नाहीत.

मलाही एकदा पाकीट आलं. मुलीच्या पेन्सिलचा भुसा मी चार नंबरमध्ये टाकला होता. शेरा होता, 'लाकूड. एक.' मी खाली जाऊन म्हटलं, "काका, त्यात शिसं पण आहे. शिसं कुजत नाही." काकांनी मान हलवली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी दाराला नवं पाकीट. 'बरोबर आहे. शिसे वेगळे काढून तीनमध्ये टाकणे.' मी काढलं. माझी बायको हसत होती, पण मी काढलं.

एकदाच त्यांना अडलेलं मी बघितलं. पाच नंबरवाल्यांचा दत्ताचा फोटो पडून फुटला आणि त्यांनी तो तसाच काकांच्या दारात आणून ठेवला. कुठल्या डब्यात टाकायचा ते तुम्हीच सांगा, असा त्यात खोचकपणाही होता. काका पायरीवर बसले. काच काढली, तीनमध्ये. खिळे आणि पत्र्याची कडी, तीनमध्ये. चौकट मोडून एकमध्ये. पाठीमागचा पुठ्ठा दोनमध्ये. हातात उरले दत्त. आम्ही पाच-सहा जण बघत उभे होतो. कागद म्हणजे दोन, यात शंका नव्हती. काकांचा हात दोनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग ते उठले आणि आत गेले. दत्त त्यांच्या भिंतीवर टाचणीनं लागले. ही बातमी पसरली आणि लोक फुटके देव काकांकडे आणून द्यायला लागले. दोन वर्षांत त्या भिंतीवर अकरा देव झाले, एकालाही चौकट नाही. काकू रोज अकराही देवांना उदबत्ती ओवाळत आणि म्हणत, "यांच्या खात्यात न पोचलेली पत्रं ठेवायची एक खोली असायची म्हणे. ती आता आमच्याकडे आलीय."

काका एकाच माणसाला मानत, आणि ते पारूबाईंना. त्याचंही कारण होतं. आपण चार भाग करून देतो याचा काकांना अभिमान होता. एके दिवशी ते पारूबाईंच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले, तर पारूबाई पेटीच्या बाजूला बसून तीन आणि चार नंबरचं सगळं पुन्हा ओतत होत्या. पांढरी बाटली वेगळी, रंगीत वेगळी. पत्रा वेगळा, लोखंड वेगळं. दुधाच्या पिशव्या, चपलांचं रबर, कपड्याच्या चिंध्या, बायकांच्या फणीतले केस. भंगारवाला तसंच मागतो. काका बाजूला उभे राहून मोजत होते. अकरा भाग झाले, आणि पारूबाईंचं सगळं लक्ष शेजारच्या बाईशी बोलण्यात होतं.

"तुम्ही बघत पण नाही," काका म्हणाले.

"बघायचं काय त्यात? हाताला कळतं."

घरी येऊन काकांनी मला ही गोष्ट दोनदा सांगितली. "अकरा खण, रे. आणि खणच नाहीत समोर."

आता नऊ नंबरची गोष्ट.

नऊ नंबर म्हणजे आमच्याच मजल्यावरचं, माझ्या अकरा नंबरच्या समोरचं घर. कडक माळकरी. घरातल्या आजींच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि स्वयंपाकघरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. त्यांचा मुलगा स्वभावानं गरीब होता. आई आणि बायको यांच्यात काही झालं की तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राही. सून मालवणची. लग्न होऊन आल्यापासून तिनं माशाचं नाव काढलं नव्हतं. पण बाळंतपणानंतर ती फार अशक्त झाली. बाळ चार महिन्यांचं, अंगावर पिणारं, आणि ही जिना चढताना दोनदा टेकायची. डॉक्टरांनी अंडी खायला सांगितली. हे तिनं घरी सांगितलं नाही. माझ्या बायकोला सांगितलं.

आजी सकाळी काकडआरतीला जात. तेवढ्या वेळात ती चहाच्या पातेल्यात अंडी उकडी. टरफलं ओल्या डब्यात टाकली तर आजींच्या नजरेला पडतील, म्हणून ती वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून कागदाच्या डब्यात टाकी. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत हे निभावलं असतं.

त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मी दाढी करत होतो, तेव्हा समोरून आजींचा आवाज आला. मी दार उघडलं. आजी आरतीहून परतल्या होत्या आणि त्यांच्या एका हातात प्रसाद, दुसऱ्या हातात काकांचं उघडलेलं पाकीट होतं. आत टरफलं. वर शेरा, 'दोनमध्ये आले होते. एकचे आहे. परत.'

सून दारामागे बाळाला घेऊन उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे मी एकदाच बघितलं.

आजी ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. त्या म्हणाल्या, "सेक्रेटरी, सभा बोलवा. माझ्या घरातून हे निघालं असं काकांनी सगळ्यांसमोर सिद्ध करावं, नाहीतर माफी मागावी. सिद्ध झालं तर मी आजच्या आज हिला मालवणला पोचवून येते. बाळ इथे राहील."

मुलगा कॅलेंडरकडे बघत होता.

मी खाली गेलो. काकांना काय झालं ते सांगितलं, तर ते म्हणाले, "अंड्याचं टरफल ओलंच ना? मग माझं चुकलं काय?"

"काका, ते माळकरी घर आहे."

"ते मजकुरात झालं. मी पत्ता बघतो." मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचं एक पान काढलं. कोपऱ्यात पेन्सिलीनं ९ लिहिला होता. पेपरवाला आमच्याकडे प्रत्येक पेपरवर घराचा नंबर लिहून टाकायचा. "टरफलं यात होती. कागद दोनचाच, बरोबर जागी आला होता, म्हणून तो परत पाठवला नाही. सभेत दाखवतो. एका मिनिटात सिद्ध होईल."

काकू आतून आल्या. "अहो, ते दाखवू नका."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे म्हणून तर म्हणते."

काकांना हे वाक्य कुठल्याच खणात टाकता येईना. ते चिडले आणि चिडल्यावर येई तशी त्यांची गावाकडची बोली आली. "माका शिकवतंस? चुकीच्या पत्त्यार टाकलंय म्हणून सांगू मी? आयुष्यात केलंय नाय."

खरं सांगायचं तर मला काकांचंच पटत होतं. जे आहे ते आहे. स्टोअरला दोनशे नट असतील तर मी एकशे नव्व्याण्णव लिहीत नाही. घरी येऊन बायकोला तसं म्हणालो. ती पोळ्या लाटत होती. ती थांबली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही सेक्रेटरी आहात, पोलीस नाही. ती पोर चार महिन्यांचं बाळ सोडून जाईल. हे पण मोजा."

सभा रविवारी सकाळी दहाला इमारतीच्या मागच्या अंगणात भरली. हजर माणसं तेवीस. आजी पुढच्या खुर्चीवर. सून मागे भिंतीशी बाळाला घेऊन उभी. काका शर्ट घालून आले होते, आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेलं ते पान मला दिसत होतं. मी सभेचा विषय वाचला.

आजी म्हणाल्या, "बोला काका. माझ्या घरातलं आहे का नाही?"

काका उभे राहिले. हात खिशाकडे गेला.

पारूबाई नळाशी टोपली धूत होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या सोळाही घरांत काय शिजतं, काय लपतं, कुणाच्या बाटल्या कुठल्या कागदात जातात, हे त्यांना काकांपेक्षा जास्त माहीत होतं, आणि त्यांनी आजवर कुणाच्या दाराला पाकीट अडकवलं नव्हतं. त्या पदराला हात पुसत पुढे आल्या.

"ती अंडी माझी हायत," त्या म्हणाल्या.

आजी खुर्चीतच वळल्या.

"तुझी?" आजींनी विचारलं. "माझ्या डब्यात कशी आली?"

"न्याहारी केली जिन्यात बसून. जवळचा डबा तुमचा. टाकली त्यात."

"आमच्या जिन्यात?"

"जिना सोसायटीचा हाय ना, आजी?"

सोळा नंबरवाले मागून म्हणाले, "हो, कॉमन आहे," आणि मग आपण काय बोललो म्हणून गप्प झाले.

"कधी खाल्लीस?" आजी म्हणाल्या.

"त्याच सकाळी. आल्या आल्या."

मी सभेच्या वहीकडे बघितलं. पारूबाई सात पंचवीसला येतात. आजींच्या हातात पाकीट सात दहाला होतं. पंधरा मिनिटांचा फरक. आख्ख्या अंगणात हा फरक कळणारी माणसं मला वाटलं दोनच, एक मी आणि दुसरे काका, कारण पाकीट त्यांनी स्वतः पारूबाई यायच्या आत अडकवलं होतं. शिवाय त्यांच्या खिशात कागद होता.

मी काकांकडे बघितलं. काका पारूबाईंकडे बघत होते. पारूबाईंनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. त्या ओल्या हातानं कपाळावरचे केस मागे करत होत्या. मग काकांनी भिंतीकडे नजर वळवली. मला वाटतं, सुनेचा चेहरा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. नऊ हा आकडा सोडून.

त्यांनी खिशातला कागद बाहेर काढला. काकांनी ते पान न उलगडता आणखी एकदा दुमडलं, परत एकदा दुमडलं, आणि खिशात ठेवून दिलं.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी चुकीच्या दाराला लावलं."

मागे काकूंनी तोंडाला पदर लावला. नोकरीची चौतीस अधिक निवृत्तीनंतरची सहा, चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांनीही ऐकलं नव्हतं.

आजींना दुसरा प्रश्न विचारता आला असता. त्या हुशार होत्या, वेळेच्याही पक्क्या होत्या. सात दहा त्यांनाही माहीत होते. पण त्यांनी विचारला नाही. थोडा वेळ माळेचे मणी चाचपत बसल्या आणि म्हणाल्या, "मी म्हणतच होते." मग मान न वळवता सुनेला म्हणाल्या, "बाळाला ऊन लागतंय गं. आत ने." आणि पारूबाईंना, "जिन्यात खात जाऊ नकोस बाई. मुंग्या येतात."

"नाय खाणार," पारूबाई म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या.

दुपारी मी सभेचा वृत्तांत लिहायला बसलो. आतापर्यंत त्या वहीत एक अक्षर मी खोटं लिहिलं नव्हतं. मग लिहिलं, 'फ्लॅट नऊच्या डब्यात आढळलेली दोन अंड्यांची टरफले पारूबाई यांची असल्याचे निष्पन्न झाले. फ्लॅट तीनचे सभासद यांनी आपली चूक मान्य केली. विषय संपला.'

इतक्यात काका वर आले. वृत्तांत बघू म्हणाले. मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच शेवटपर्यंत वाचलं. वाचताना ओठ हलत होते. 'चूक मान्य केली' ही ओळ त्यांनी तशीच राहू दिली. त्याच्या आधीच्या ओळीवर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"हे काय लिहिलंयस?"

मी म्हटलं, "काका, आता राहू द्या ना. झालं ते चांगलं झालं."

"चांगलं झालं ते ठीक. पण दोन नव्हती, तीन होती. टरफलं जुळवून बघितली होती मी. वहीत चुकीची नोंद नको."

मी 'दोन' खोडून 'तीन' केलं, आणि खाडाखोडीच्या बाजूला आम्ही दोघांनी सह्या केल्या.